मणक्याच्या ऑपरेशनात ‘कृत्रिम हाड’: माळकरी आईला काय सांगू?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६१. आमचं गाव वाळवा तालुक्यात, आई तिथेच असते, मी नोकरीसाठी पुण्यात. बऱ्याच दिवसांपासून तिची कंबर आणि डावा पाय धरतोय. आता तर घरापासून देवळापर्यंत जाताना मध्येच कुणाच्या तरी ओट्यावर टेकावं लागतं. वाकून बसलं की बरं वाटतं, उभं राहिलं की पायाला मुंग्या. एमआरआय झाला. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर थोडा पुढे सरकलाय आणि नस दबलीय, असं डॉक्टरांनी मॉडेल हातात धरून दाखवलं. फिजिओ, गोळ्या, पाठीतलं इंजेक्शन, सगळं करून झालं. आता नस मोकळी करायची, स्क्रू-रॉड लावायचे, मधे केज (दोन मणक्यांमधल्या जागेत बसणारी पोकळ पेटी) बसवायची आणि दोन्ही मणके कायमचे जोडून टाकायचे असं ठरतंय.

एस्टिमेटच्या कागदावर स्क्रू, रॉड, केज यांच्या खाली एक वेगळी ओळ आहे: ‘बोन ग्राफ्ट सब्स्टिट्यूट, १० सीसी’. विचारलं तर ‘कृत्रिम हाड असतं, त्यानं मणके जुळतात’ एवढंच कळलं. ओपीडीत गर्दी होती, पुढं विचारायला जमलं नाही. स्क्रू लावल्यावर परत हे कशाला? अंगात विरघळतं का, की तसंच राहतं? शरीरानं नाकारलं तर?

आणि खरी अडचण वेगळीच आहे. आई माळकरी आहे. शेजारच्या कुणीतरी तिला सांगितलं की हे हाड मेलेल्या माणसाचं नाहीतर जनावराचं असतं. तेव्हापासून ‘तसलं काही माझ्या अंगात घालणार असतील तर मला ऑपरेशनच नको’ म्हणून बसलीय. तिला खोटं सांगून ऑपरेशन करून घ्यायची माझी तयारी नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

रंकाळा_वेस

दादा, माझं मणक्याचं नाही, गुडघ्याचं आहे, पण अनुभव सांगतो. गाडीवरून पडून नडगीच्या हाडाचं वरचं टोक, जिथं गुडघ्याचा सांधा बसतो, तो भाग आत खचला होता. सरांनी तो खालून हळूहळू वर उचलला, तर खाली पोकळी राहिली. त्या पोकळीत त्यांनी कॅल्शियम फॉस्फेटची पेस्ट भरली. ती आतल्या आतच घट्ट होते म्हणाले. वरून प्लेट. तरी पायावर भार द्यायला लगेच परवानगी नव्हतीच, कित्येक आठवडे वॉकर घेऊन एका पायावर. एक्स-रेत तो पांढरा ठिपका अजून दिसतो. ताप, सूज, नाकारणं वगैरे काही झालं नाही. आता गडावरसुद्धा जाऊन आलोय. घाबरू नका.

थिएटरसिस्टर

दादा, मी ऑर्थोपेडिकच्या ऑपरेशन थिएटरमध्ये स्क्रब सिस्टर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे आईचं ऑपरेशन करावं की नाही यात मी पडत नाही. पण ती १० सीसीची बाटली या हातांनी पुष्कळदा उघडलीय. ती कुठे जाते आणि कशासाठी जाते ते सांगते.

आधी स्क्रूचं. स्क्रू आणि रॉड मणके जुळवत नाहीत. ते मणक्यांना हलू देत नाहीत, तेवढंच त्यांचं काम. जुळायचं ते हाडानंच. दोन मणक्यांमध्ये नवं हाड तयार झालं नाही, तर रोजच्या उठण्या-बसण्याचा ताण त्या धातूवर येत राहतो आणि कधीतरी स्क्रू ढिला होतो किंवा रॉड मोडतो. कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी. म्हणून स्क्रू धरून आहेत तोवर मधे हाड भरून आलं पाहिजे.

त्यासाठी सगळ्यात चांगलं हाड पेशंटचं स्वतःचं, हे आजही कुठलाही सर्जन सांगेल. पूर्वी आमच्याकडे ते सर्रास कमरेच्या बाजूच्या हाडातून काढायचे, साडीची गाठ बसते ना तिथून, वेगळा छेद घेऊन. हाड उत्तम मिळायचं. पण नंतर वॉर्डात गेलं की पेशंट पाठीपेक्षा त्या जागेचंच दुखणं जास्त सांगायचे, काहींना ते कित्येक महिने पुरायचं. वय झालेल्या बाईला हा दुसरा घाव नको, म्हणून पर्याय शोधले गेले.

स्वतःच्या हाडात तीन गोष्टी एकत्र असतात. हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी, त्या पेशींना ‘इथं हाड बनवा’ असा निरोप देणारी प्रथिनं, आणि पेशींना धरून बसायला जागा. बाटलीतल्या दाण्यांजवळ यातली फक्त तिसरी गोष्ट आहे. म्हणून नुसते दाणे भरून मणके जुळतील अशी आशा कुणी करत नाही. ते आईंच्याच हाडात मिसळायचे असतात.

ते हाड येतं कुठून? नस मोकळी करताना मणक्याच्या मागच्या कमानीचा काही भाग काढावाच लागतो. सर्जन निबलरनं, म्हणजे हाड कुरतडायच्या चिमट्यानं, एकेक तुकडा काढतात आणि तो सिस्टरच्या हातात येतो. तो टाकायचा नाही. ओल्या गॉजवर धरून त्याला चिकटलेलं मांस, कूर्चा, सगळं सोलून काढायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाईत कुणी ते अर्धवट करतं, मला ते कधी चाललं नाही, कारण मांसाचा पापुद्रा मधे राहिला तर हाडाला हाड भिडत नाही. मग त्याचे तीन-चार मिलिमीटरचे बारीक तुकडे करून वाटीत ठेवायचे, वरून सलाइननं ओला गॉज. थिएटरच्या दिव्याखाली उघडे कोरडे पडले तर आतल्या पेशी मरतात.

मग बाटली उघडायची. आत पांढरे, खरखरीत दाणे असतात, साधारण एक ते तीन मिलिमीटरचे. ते कोरडेच भरत नाहीत. त्यांच्यावर पेशंटचं रक्त किंवा स्क्रूसाठी केलेल्या भोकातून सिरिंजनं ओढलेला हाडातला मगज (अस्थिमज्जा) टाकतात. बघता बघता रक्त आत शोषलं जातं आणि पांढरा दाणा आतपर्यंत लाल होतो. दाण्याला आरपार छिद्रं आहेत हे तेव्हा डोळ्यांनी कळतं. त्याच छिद्रांतून पुढे आईंच्या रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरणार असतात. हे सगळं हाडाच्या तुकड्यांत कालवून केजमध्ये आणि केजच्या पुढे, डिस्क काढून रिकाम्या झालेल्या जागेत दाबून भरतात. त्याआधी मणक्यांचे समोरासमोरचे पृष्ठभाग रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत खरवडावे लागतात. फार खोलही जायचं नाही, नाहीतर केज आत रुतते. आमचे एक सर भरण्याआधी मला मुद्दाम दाखवून विचारायचे, ‘सिस्टर, रक्त दिसतंय?’ दिसल्याशिवाय ग्राफ्ट मागायचे नाहीत.

पुढचं काम शरीराचं. रक्ताची गुठळी होते, तिच्यात बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हाड बनवणाऱ्या पेशी दाण्यांच्या भिंतीवर चिकटून नवं हाड घालायला लागतात, आणि हाड खाणाऱ्या दुसऱ्या पेशी तो दाणा हळूहळू कुरतडून संपवतात. दोन्हीचा वेग जुळला पाहिजे. स्लॅब पक्का व्हायच्या आत सेंट्रिंग काढलं तर स्लॅब बसतो, तसंच दाणे फार लवकर विरघळले तर नव्या हाडाला आधार राहत नाही. आणि मुळीच विरघळले नाहीत तर त्या जागी कायम थोडा दगडी भाग राहतो. त्यानं सहसा त्रास होत नाही, पण तिथं जिवंत हाड नसतं.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. दीड-दोन महिन्यांच्या एक्स-रेत मणक्यांमध्ये पांढरं दिसलं की घरचे खूश होतात, ‘जुळलं!’ म्हणून. ते दाणेच असतात, एक्स-रेत ते पांढरेच दिसणार. खरं जुळलं की नाही हे सहा महिने ते वर्षभरानं कळतं. शंका असेल तर सीटी स्कॅन करतात, त्यात या मणक्यापासून त्या मणक्यापर्यंत सलग हाड दिसायला हवं.

नाकारण्याचं विचारलंत. किडनी बदलली की शरीर नाकारू शकतं, तसलं इथं होत नाही, कारण यात कुणाच्या पेशीच नाहीत. भीती असते ती जंतुसंसर्गाची, आणि ती स्क्रूसकट सगळ्याच ऑपरेशनला असते.

आता आईंचा प्रश्न. तो मला अगदी रास्त वाटतो, आणि तुम्ही खोटं सांगणार नाही म्हणता हे फार चांगलं. शेजारणीचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. माणसाच्या हाडाचे ग्राफ्ट असतात. खुब्याचा सांधा बदलताना काढलेला हाडाचा गोळा पेशंटच्या संमतीनं हाडपेढीला देता येतो. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे, तिथं असे ग्राफ्ट गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देतात. कितीतरी कॅन्सरच्या मुलांचे हातपाय त्यावर वाचलेत, म्हणून त्या हाडाबद्दल मी कधी वाईट बोलणार नाही. गाईगुरांच्या हाडापासून केलेले दाणेही मिळतात, दातांच्या कामात ते बरेच वापरतात. आणि तिसरं हे सिंथेटिक, जे कारखान्यात क्षारांपासून बनतं. ‘बोन ग्राफ्ट सब्स्टिट्यूट’ या एका नावाखाली तिन्ही येऊ शकतात.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: पूर्ण सिंथेटिक आहे का, आणि त्यात कोलॅजन (हाडा-कातडीत असतं ते प्रथिन) आहे का? पट्टीसारखे किंवा कणकेसारखे मळता येणारे जे प्रकार असतात, त्यातल्या काहींमध्ये दाणे सिंथेटिक असले तरी ते धरून ठेवायला गुरांचं कोलॅजन घातलेलं असतं. ‘डीबीएम’ (क्षार काढून टाकलेलं हाड) असं लिहिलेलं असेल तर ते खऱ्या हाडाचं, सहसा माणसाच्या. आईंची अट ऑपरेशनच्या आधी सांगितली तर सर्जनला तसं मटेरियल मागवता येतं. ऐन वेळी थिएटरच्या दारात सांगितलं तर जे कपाटात आहे तेच वापरावं लागतं. आणि वापरलेल्या प्रत्येक इम्प्लांटचा स्टिकर आम्ही केसपेपरवर चिकटवतो, त्यावर कंपनी, प्रकार, लॉट नंबर असतो. त्याची झेरॉक्स जपून ठेवा.

एक विचारते, रागावू नका. आई मशेरी लावतात का?

भट्टीवाला

सिस्टरांनी इतकं नेमकं लिहिलंय की माझ्याकडे फक्त कारखान्याची बाजू उरते. मी सिरॅमिक्समध्ये काम करतो, हाडांचं नाही, पण हेच पदार्थ हाताळलेत.

माणसाच्या सुकवलेल्या हाडाचं साधारण दोन तृतीयांश वजन खनिजाचं असतं, बाकी मुख्यतः कोलॅजन. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या जवळचा कॅल्शियम फॉस्फेट. तोच पदार्थ कॅल्शियमचे आणि फॉस्फेटचे क्षार पाण्यात एकत्र करून सामू सांभाळत बनवता येतो. पांढरी साय खाली बसते, ती गाळून, वाळवून भुकटी होते. त्या भुकटीत जळून जाणारा एखादा पदार्थ, मेण किंवा पॉलिमरचे गोळे मिसळून भट्टीत साधारण ११०० ते १२५० अंश सेल्सियसला भाजायचं. गोळे जळून जातात, त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. सिस्टर जी छिद्रं सांगतात ती ही. ती निदान १०० मायक्रॉनची (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) लागतात, ३०० ते ५०० ची असली तर उत्तम, आणि मुख्य म्हणजे एकमेकींना जोडलेली. बंद पोकळी कितीही मोठी असली तरी रक्तवाहिनीला तिचा उपयोग नाही. छिद्रं वाढवत गेलं की दाणा ठिसूळ होतो, म्हणून असा दाणा एकटा भार घेऊ शकत नाही. भार केज आणि स्क्रूनं घ्यायचा.

विरघळण्याचा वेग रसायनावर ठरतो. हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १.६७, तो वर्षानुवर्षं राहतो. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये १.५, तो काही महिन्यांत ते दोनेक वर्षांत जातो. म्हणून बऱ्याच बाटल्यांमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं, ६०:४० हे नेहमीचं. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिस, तर काही आठवड्यांतच संपतं. जर्मनीत ड्रेसमान नावाच्या सर्जननं १८९२ मध्येच हाडातल्या पोकळ्या त्यानं भरल्याची नोंद आहे. आजही हाडात पू झाला असेल तर त्याचे मणी करून, त्यात अँटिबायोटिक घालून ठेवतात. तिथं ते लवकर संपणंच सोयीचं, औषध सुटत जातं.

एक वेगळी वाट काचेची. फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये एक काच बनवली, ४५ टक्के सिलिका आणि बाकी सोडियम, कॅल्शियम, फॉस्फरसचे ऑक्साइड. शरीरातल्या द्रवात तिच्या पृष्ठभागावर आपोआप हाडातल्या खनिजासारख्या ॲपेटाइटचा थर चढतो आणि हाड थेट तिला चिकटतं, मधे जखमेच्या व्रणासारखा पडदा येत नाही. त्याआधी अंगात घातलेल्या परक्या वस्तूभोवती शरीर असा पडदा धरणारच असं मानत, त्यामुळे या शोधानं खूप फरक पडला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि अशा काचेवर चांगलं काम झालंय.

दादा, आईच्या दृष्टीनं एक सावधगिरी. हायड्रॉक्सीॲपेटाइट हे रसायनाचं नाव आहे, ते गुरांच्या हाडातूनही काढता येतं आणि समुद्री प्रवाळापासूनही करता येतं. तेव्हा नुसतं रसायनाचं नाव वाचून थांबू नका, ‘सिंथेटिक’ किंवा उगम काय हे माहितीपत्रकात पाहा.

कृष्णाकाठचा

सिस्टर, भट्टीवाले, रंकाळा, तुमचे आभार कसे मानू. हे सगळं काल फोनवर आईला वाचून दाखवलं. कारखान्यात क्षारांपासून बनतं म्हटल्यावर तिनं ‘मग चालंल की’ म्हटलं. दाणा रक्तानं लाल होतो ते दोनदा वाचायला लावलं.

डॉक्टरांच्या असिस्टंटशी बोललो. दाणे पूर्ण सिंथेटिक आहेत, कोलॅजन नाही, असं ते म्हणाले. माहितीपत्रक व्हॉट्सॲपवर मागितलंय.

आणि सिस्टर, हो, मशेरी लावते. सकाळ-संध्याकाळ, लग्नाआधीपासून. ‘ती काय तंबाखू खाणं झालं का, दात तर घासते’ असं तिचं म्हणणं. त्याचा मणक्याशी काय संबंध?

दुसरं, तिला पुढच्या आषाढीला दिंडीत चालायचं आहे. जमेल का?

थिएटरसिस्टर

संबंध आहे दादा, आणि फार जवळचा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड बनवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. दाण्यांच्या छिद्रांत ज्या रक्तवाहिन्या शिरायच्या त्यांनाच अडवल्यासारखं. तंबाखू सुरू ठेवणाऱ्यांचे मणके न जुळण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून काही सर्जन ती सुटल्याशिवाय फ्युजनची, म्हणजे मणके जोडायच्या ऑपरेशनची, तारीखच देत नाहीत. बिडी-सिगारेटबद्दल पेशंटला सगळे विचारतात. मशेरीबद्दल मात्र कुणी विचारत नाही आणि आपल्या बायका आपणहून सांगत नाहीत, त्यांना ते व्यसन वाटतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं. डॉक्टरांना हे आजच सांगा. निदान महिनाभर आधी बंद आणि नंतर तीन महिने तरी नाव काढायचं नाही. त्यांनी जास्त सांगितलं तर ते धरा. एवढ्या वर्षांची सवय एकदम सुटताना डोकं दुखेल, चिडचिड होईल, शौचाला त्रास होईल. सुनेला किंवा जी कोणी जवळ असेल तिला हे आधी समजावून ठेवा, नाहीतर कीव येऊन डबी तीच आणून देते. निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या दुकानातून परस्पर आणू नका, त्यातही निकोटिनच असतं.

सोबत शुगर आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. ऑपरेशननंतर दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने द्यायच्या नाहीत, त्या हाड जुळण्याच्या सुरुवातीच्या कामात आड येऊ शकतात. डॉक्टर लिहून देतील तेवढ्याच.

चालणं मात्र बंद ठेवायचं नाही. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशीच उठवून चालवतात. भार आल्यावर हाड अधिक घट्ट होतं. वाकून उसाची मोळी उचलणं, खाली बसून धुणं, कळशी कमरेवर घेणं, हे पूर्ण बंद, आणि ते किती महिने हे सर्जन ठरवतील.

दिंडीचं आताच कुणी सांगू शकणार नाही. पुढच्या आषाढीपर्यंत वर्ष भरत नसेल तर पूर्ण वाटचाल नकोच, गाडीतून पंढरपूरला नेऊन दर्शन घडवा. वर्षाच्या तपासणीत सलग हाड दिसलं आणि सरांनी होकार दिला, तर त्यापुढच्या वर्षी डोक्यावर तुळस न घेता, रोज थोडं थोडं चालून बघता येईल.

माहितीपत्रक आलं की त्यातली घटकांची ओळ इथं टाका.